इंगळीचा मान

मी बरणी बोलतेय. चिनी मातीची, गळ्यापर्यंत तपकिरी, खाली पांढरी, घट्ट झाकणाची. "लोणच्याची ना?" असं तुम्ही लगेच म्हणाल. होते लोणच्याचीच, पण फार थोडे दिवस. पुढे माझ्या पोटात राहिले ते विंचू. दचकू नका, आत्ता मी रिकामी आहे, हवं तर हात घालून बघा. नको? बरं, राहू दे.

मला बोलायची घाई झाली आहे. परवा महाडच्या आमच्या दवाखान्याच्या ओसरीवर दोन माणसं बसली होती. एक म्हणाला, "गुप्ते डॉक्टरांनी विंचवाच्या विषावर एवढा शोध लावला, मग मुंबईचं ते सुवर्णपदक त्यांना का मिळालं नाही?" दुसरा म्हणाला, "वशिला नसेल." ऐकलं आणि मला जागच्या जागी तडा जायचाच बाकी राहिला. वशिल्याचा काडीचा संबंध नाही हो. मी तिथे होते. नुसती होते असं नाही, सगळा घोटाळा माझ्याच पोटात झाला. तेव्हा बसा, पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म भट्टीतला. तिथली धग अजून अंगात आहे, म्हणून मी जरा तापट. मुंबईच्या एका दुकानात गवतात गुंडाळून पडून होते. तिथून आगबोटीने बाणकोट, बाणकोटहून मचव्याने सावित्री नदीतून वर दासगावच्या बंदरात, आणि मग बैलगाडीने महाडला. गाडीतून उतरवल्यावर रंगूबाईंनी मला एक टिचकी मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "खणखणीत आहे." इतकं कौतुक माझं पुढे कोणी केलं नाही.

रंगूबाई म्हणजे गुप्ते डॉक्टरांची बायको. त्यांनी माझ्यात कैरीचं लोणचं घातलं आणि मला सोवळ्यात ठेवलं. माझं झाकण फक्त त्यांनी काढायचं, तेही हात कोरडे करून. पानावर बसलेल्यांच्या गमती मी फडताळातून बघत असे. "मला लोणचं नको हं," असं जो आधी म्हणे, तोच शेवटी बोटं चाटत दुसरी फोड मागे. माणसं नको म्हणतात तेव्हा त्यांना हवं असतं, ही या मुलखातली रीतच आहे. ही रीत नीट ध्यानात ठेवा, पुढे तिनेच सगळा घात केला.

डॉक्टर मोरेश्वर गुप्ते मुंबईला शिकून महाडात परत आले होते. घराचा पुढचा भाग दवाखाना, मागचा भाग संसार. मधला उंबरठा असून नसल्यासारखा, कारण डॉक्टर दिवसभर तो ओलांडून स्वयंपाकघरात येत आणि काही ना काही उचलून नेत. चिमटा नेला, गाळणं नेलं, आणि एका उन्हाळ्यात मला नेलं. विंचू ठेवायला त्यांच्याकडे पत्र्याचे डबे होते, पण गंजलेल्या कडेवरून विंचू वर चढत. एक तर त्यांच्या कोटाच्या खिशात सापडला होता. माझं पोट आतून गुळगुळीत. पाय ठरायचा नाही.

"अहो, ती सोवळ्यातली बरणी आहे," रंगूबाई म्हणाल्या.

"आता विंचवांचं सोवळं," डॉक्टर म्हणाले आणि लोणचं त्यांनी सरळ पातेल्यात ओतलं. रंगूबाई बरेच दिवस त्यांना जेवण वाढत होत्या, पण बोलत नव्हत्या.

माझं म्हणाल तर पहिल्यांदा अंगावर शहारे आले. मग सवय झाली. डॉक्टरांना हवे असत ते विंचू लहानखुरे, तांबूस, बोटाच्या दोन पेरांएवढे. बघून वाटावं, हा कोणाचं काय वाकडं करणार? पण त्या गरीब दिसणाऱ्याच्या नांगीत माणूस गार करायची ताकद होती. डॉक्टर वाकून त्यांच्याकडे बघत तेव्हा त्यांचे डोळे असे चमकत की मलाही त्या पाहुण्यांचा अभिमान वाटू लागला.

त्या काळी विंचू चावून माणूस अत्यवस्थ झाला की शिकलेले डॉक्टरही त्याला आडवं निजवत, ब्रँडी पाजत आणि हृदय चेतवायची सुई टोचत. गुप्ते डॉक्टरांनी मात्र कितीतरी रोग्यांच्या उशाशी बसून नीट बघितलं होतं. हातपाय गार पडतात, अंग घामाने निथळतं, छाती धाडधाड उडते, मग खोकला सुटतो आणि शेवटी तोंडाला फेस येतो. ते म्हणत, "या विषाने हृदय झोपत नाही, उधळतं. उधळलेल्या घोड्याला वर चाबूक कशाला मारता?" त्यांनी ब्रँडी बंद केली, सुई बंद केली. रोग्याला तक्क्याला टेकून बसवायचं आणि छातीच्या कळेवर असतं ते एक हुंगायचं औषध रुमालावर द्यायचं, हा त्यांचा उपाय. छातीवरचा भार उतरे आणि पूर्वी हमखास दगावणारी माणसं उठून पेज मागत. प्रत्येक वेळी डॉक्टर मधल्या दारातून ओरडून सांगत, "अगं ए, वाचला बरं का." आणि रंगूबाई पेज घेऊन पुढे येत.

एकच गोष्ट त्यांना छळत होती. पुष्कळ रोगी फार उशिरा येत. फेस आल्यावर आणलेल्या माणसाला कुठलंच औषध लागू पडत नसे. डोंगरातली माणसं एवढा उशीर का करतात, हे त्यांना काही केल्या उमगत नव्हतं.

त्यांनी हे सगळं लिहून काढलं आणि मुंबईच्या एका बड्या वैद्यक मंडळाकडे पाठवलं. हे मंडळ नव्या शोधाला सुवर्णपदक देत असे. पदकाची हौस डॉक्टरांना नव्हती असं मी म्हणणार नाही. आरशासमोर उभं राहून कोटावर ते कुठे शोभेल हे ते चाचपून बघत, मी पाहिलंय. पण खरी गोष्ट वेगळी होती. ज्या उपायाला पदक मिळे, तो उपाय सगळ्या सरकारी दवाखान्यांत शिकवला जाई. म्हणजे महाडचा माणूस वाचतो तसा रत्नागिरीचा आणि ठाण्याचाही वाचला असता. डॉक्टर रंगूबाईंना म्हणाले, "पदक म्हणजे फक्त माझा आवाज मोठा होणं. इथून ओरडलो तर दासगावलाही ऐकू जात नाही."

मंडळाचं उत्तर आलं आणि घरात नुसती धांदल उडाली. मंडळ स्वतः परीक्षा घेणार होतं. जिवंत विंचू पाठवा, ते सशाला चाववून बघू आणि तुमचा उपाय करून बघू, असं त्यांचं म्हणणं. दोन अटी होत्या. पक्षपात नको म्हणून संशोधकाने स्वतः हजर राहायचं नाही, आणि बरणीवर त्याचा शिक्का पाहिजे. तोंडावर पावसाळा होता. एकदा समुद्र खवळला की आगबोटी बंद, म्हणजे जे काय करायचं ते मे महिन्यातच.

आता येतो मालोजी. मालोजी कुडपणचा. कुडपण म्हणजे पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरचं गाव. तो मुंबईला गिरणीत होता आणि सुट्टी घेऊन घरी आला होता. आदल्या वर्षी त्याची बायको आवडी हिला गवताचा भारा उचलताना विंचू चावला होता. कोणी तो पाहिला नाही, पण बाई गार पडत चालली तेव्हा घराने ठरवून टाकलं की हे काम इंगळीचंच. इंगळी म्हणजे तो भला मोठा काळा विंचू, खेकड्यासारख्या नांग्यांचा. डोलीत घालून आवडीला महाडला आणलं आणि डॉक्टरांनी तिला मरणाच्या दारातून ओढून काढलं. तेव्हापासून ते घर डॉक्टरांसाठी जीव द्यायला तयार होतं.

डॉक्टरांनी मला मालोजीच्या हातात दिलं. "कुडपणला दगडाखाली बारके तांबडे विंचू असतात, ते यात भर. मोठे नकोत, बारकेच हवेत. मग मला दाखव, शिक्का मारतो आणि तू मुंबईला घेऊन जा."

"तुमी निस्तं सांगा डाक्तर," मालोजी म्हणाला आणि मला छातीशी धरून निघाला. पोलादपूरपर्यंत मोटार, पुढे डोंगराची चढण. इतक्या उंचीवर मी आयुष्यात पहिल्यांदाच गेले. खाली दऱ्या, वर मोकळं पठार आणि वारा असा की माझ्या तोंडाशी शीळ वाजत होती.

मालोजीने सांगितल्याप्रमाणे केलं हो. दगड उलटले, चिमट्याने एकेक तांबडा बारका उचलला आणि माझ्यात सोडला. काम चोख. संध्याकाळी सगळी वाडी मला बघायला अंगणात जमली, आणि मालोजीची आई येसूबाई पुढे आली. तिने माझं झाकण काढून आत डोकावलं आणि तिचा चेहरा पडला.

"ह्ये काय रे? ह्ये मुंबैला न्यायाचं?"

"डाक्तरनी बारकेच सांगितल्यान, आये."

"त्यानं सांगितलं नि तू ऐकलंस. आरं, पावणा पानावर बसून म्हनतो थोडंच वाढा, म्हनून काय थोडं वाढायचं असतं? डाक्तर मनाचा मोटा मानूस. आपल्याला तरास नको, कुनाला इंगळी डसाया नको, म्हनून बारके मागितले त्यानं. थितं मोठमोठे सायेब बसतील. त्यांच्याम्होरं ही चिलटं मांडशील तर डाक्तरची काय शोभा ऱ्हाईल?"

मालोजी विचारात पडला. आवडी दारातून म्हणाली, "आत्याबाई म्हन्तात त्ये खरं हाय. मला इंगळीनं लोळवलं. ह्या बारक्याला कोन इचारतंय?"

मी आतून किती तळमळले म्हणून सांगू! पण बरणीला तोंड असून बोलता येत नाही. त्यांनी तांबडे पाहुणे पालापाचोळ्यात सोडून दिले आणि दुसऱ्या दिवशी अख्खी वाडी इंगळ्यांच्या मागे लागली. कड्याच्या बाजूला बिळं खणली, माणसं घसरली, एकाचा गुडघा फुटला. काय तो उत्साह! एकेक इंगळी अशी की माझ्या तळाशी आदळली तेव्हा मी दणाणले. काळ्या कुळकुळीत, धष्टपुष्ट. येसूबाईने वाकून बघितलं आणि कडाकडा बोटं मोडून त्यांची दृष्ट काढली. दिसायला एवढ्या भयंकर, पण विष म्हणाल तर चावल्या जागी सूज आणि ठणका, बस्स. हे डॉक्टरांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. कुडपणात तिसऱ्या कोणाला नव्हतं.

माझी सगळी आशा महाडवर होती. डॉक्टर झाकण काढतील, बघतील, कपाळावर हात मारतील आणि पुन्हा बारके भरतील. पण आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टर नाते गावाला गेले होते, एका बाळंतिणीकडे. परत कधी येतील सांगता येत नव्हतं आणि बाणकोटहून सुटणारी ती शेवटची आगबोट. मालोजी ओसरीवर आतबाहेर करत होता.

रंगूबाईंनी निर्णय घेतला. त्यांनी लाख वितळवली, माझ्या तोंडावरच्या फडक्याला बांधलेल्या दोरीच्या गाठीवर ओतली आणि डॉक्टरांचा शिक्का दाबला. अहो, ज्या बाईने लोणच्यासाठी माझं झाकण हजारदा उघडून बघितलं असेल, ती त्या दिवशी फडक्याच्या आत बघायला तयार नव्हती. त्यांचंही बरोबरच. विंचवांची बरणी उघडून खात्री कोण करेल?

"सगळं नीट भरलंयस ना, मालोजी?" त्यांनी विचारलं.

"वैनीसायेब, आसं भरलंय की सायेब लोक बगत ऱ्हातील," मालोजी म्हणाला. खोटं बोलला नाही तो.

मुंबईला मंडळाचा दिवाणखाना काय वर्णावा. लांबलचक टेबल, वर फिरते पंखे, भोवती सूटबूटवाले गोरे आणि आपले मोठे डॉक्टर. मालोजी इस्त्रीचा कोट घालून बाहेर व्हरांड्यात उभा होता. लाख फोडली, झाकण काढलं आणि सगळ्यांनी एकदम खुर्च्या मागे सरकवल्या. माझ्या इंगळ्यांचा दरारा तेवढा होता.

एका सशाच्या पायाला इंगळी चाववली. सगळे घड्याळं हातात धरून वाट बघत बसले. ससा आधी किंचाळला, मग पाय वर धरून रुसून बसला. पाय सुजला. आता गार पडेल, आता छाती उडेल, म्हणून सगळे माना पुढे करून बघताहेत, आणि सशाने काय करावं? त्याने शेजारचा कोबीचा पाला ओढला आणि कुरकुर खायला लागला.

एक तरुण डॉक्टर म्हणाला, "प्रबंधात लहान आणि तांबडा विंचू असं लिहिलंय. हे तर काळे आणि मोठे आहेत."

अध्यक्ष म्हणाले, "शिक्का तर डॉक्टर गुप्त्यांचाच आहे. ज्यांना आपला विंचू ओळखता येत नाही, त्यांना रोग काय ओळखता येणार?"

सगळे हसले. ते हसणं मला अजून आठवतं. व्हरांड्यात मालोजीलाही ते ऐकू गेलं, आणि त्याला वाटलं साहेब लोक खूश झाले. शिपायाने मला त्याच्या हातात परत दिलं तेव्हा त्याने शिपायाला पान खायला पैसे दिले.

पुढचे चार महिने मी गिरणगावात मालोजीच्या खोलीत होते, पण महाडला काय झालं ते मला मागाहून कळलं. मंडळाचा नकार आला. ससा मेला नाही, आजारीसुद्धा पडला नाही, एवढंच त्यात होतं. डॉक्टर हादरले. आपण इतकी वर्षं जे डोळ्यांनी बघितलं ते खोटं होतं? त्यांनी ती हुंगायच्या औषधाची पेटी उचलून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. रंगूबाई सांगत होत्या, तो माणूस जेवताना मध्येच हात थांबवून म्हणे, "मग ते वाचले कसे?" आणि पान तसंच टाकून उठे.

गणपतीला मालोजी मला घेऊन आला. येसूबाईही आवडीला घेऊन डोंगर उतरून आली होती, पदक बघायला. तिघंही ओसरीवर बसली. मालोजीने मला पुढे ठेवलं आणि विचारलं, "पदक गळ्यात घालायचं आसतंय का कोटाला लावायचं?"

डॉक्टरांनी सहज माझं झाकण काढलं. आत एक वाळलेली इंगळी होती, मालोजीने आठवण म्हणून ठेवलेली. डॉक्टरांनी ती चिमट्याने वर उचलली.

"ही यात कशी आली?"

मग येसूबाईने सगळं सांगितलं, मोठ्या अभिमानाने. पाहुण्याच्या पानावर थोडं कसं वाढायचं नाही, इथपासून फुटलेल्या गुडघ्यापर्यंत. मी मनात म्हटलं, आता स्फोट होणार. डॉक्टरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. आणि मग एकाएकी त्यांचे डोळे चमकायला लागले, पूर्वी विंचवांकडे बघताना चमकत तसे.

"येसूबाई, मला सांगा. तुमच्याकडे बारका तांबडा चावला तर काय करता?"

"त्याला काय करायाचंय? चुना लावायचा नि निजायचं. सकाळी बगायचं."

"आणि इंगळी चावली तर?"

"तवा मंग डोली करून पळत सुटायचं तुमच्याकडं."

डॉक्टर ताडकन उठले. "अगं ए," त्यांनी मधल्या दारातून हाक मारली, "ऐक, ऐक. ज्याच्याने काही होत नाही त्याच्यासाठी ही माणसं धावत येतात, आणि ज्याच्याने जीव जातो त्याला चुना लावून निजतात. म्हणून उशीर होतो. म्हणून फेस येतो. इतकी वर्षं मी डोकं आपटत होतो आणि उत्तर या बरणीत होतं." त्यांनी फळीवरून ती पेटी खाली काढली, धूळ झटकली आणि टेबलावर ठेवली. माझ्या तर अंगावर काटा आला.

मालोजीचं मात्र तोंड उतरलं होतं. त्याला सगळं उमगलं होतं. "म्हंजी पदक गेलं," तो म्हणाला. "आमच्यापायी गेलं."

पण एवढ्यावर संपलं नाही. डॉक्टरांनी मंडळाला खरं काय झालं ते कळवलं, आणि हिवाळ्यात मंडळाचे चिटणीस स्वतः महाडला आले. बिचारे सज्जन गृहस्थ. डॉक्टरांचा शोध खरा असावा असं त्यांना वाटत होतं. त्यांनी आल्या आल्या एक कागद पुढे केला. मालोजी रजा काढून आला होता, येसूबाई त्याच्या शेजारी बसली होती आणि मी खिडकीत.

चिटणीस म्हणाले, "एकदा नाकारलेला शोध पुन्हा तपासायचा तर आमच्या नियमात एकच वाट आहे. नमुने कोणीतरी कपटाने बदलले, असं बदलणाऱ्याने लिहून द्यायचं. चूक संशोधकाच्या बाजूची असेल तर पुन्हा परीक्षा नाही. मजकूर मी तयार आणलाय, याचा फक्त अंगठा हवा."

मालोजीने लगेच हात पुढे केला. "लावतो की. डाक्तरसाठी दहा बोटं लावतो."

येसूबाईने त्याचा हात मागे ओढला. "त्याला मी सांगितलं. लावायचाच तर माजा लावा."

"थांबा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी कागद वाचला, टाक उचलला, 'कपटाने' हा शब्द खोडला आणि त्यावर दुसरा शब्द लिहिला. चिटणिसांनी वाचलं, "मानाने?"

"हो. यांनी विंचू बदलले ते माझा मान राखायला. तेवढंच खरं आहे."

"डॉक्टर, मान असं कारण नियमात बसत नाही. अहो, एक शब्द आहे. या माणसाला कोणी तुरुंगात नेत नाही. एका शब्दासाठी सुवर्णपदक घालवता?"

डॉक्टरांनी टाक खाली ठेवला. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. पदक, सरकारी दवाखाने, रत्नागिरी, ठाणे. शेवटी ते म्हणाले, "हा शब्द खोटा आहे हे मला माहीत आहे. माहीत असून मी त्यावर सही केली, तर माझ्या प्रबंधातले बाकीचे शब्द तुम्ही खरे का मानावेत?"

चिटणिसांनी कागदाची घडी केली. निघताना त्यांनी डॉक्टरांना वाकून नमस्कार केला, वयाने मोठे असून. पदक त्या वर्षी दुसऱ्या कोणाला तरी गेलं.

त्या दिवशी डॉक्टर हसले नाहीत. दवाखान्याचं दार लावून ते बराच वेळ टेबलापाशी बसून राहिले आणि रंगूबाईंनी त्यांना हाक मारली नाही. खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं. ते पदक त्यांचं होतं.

दार वाजलं ते येसूबाईने वाजवलं. ती घरी गेलीच नव्हती. "डाक्तर, ती बरनी मला द्या," ती म्हणाली. "त्यात एक बारका घाला नि एक इंगळी घाला, मधी फळी ठेवा. वैनीसायेब म्हनल्या, तुमचा आवाज दासगावला जात न्हाय. माजा सगळ्या डोंगराला ऐकू येतो."

आणि तेव्हापासून माझं खरं आयुष्य सुरू झालं. येसूबाईच्या डोक्यावर बसून मी किती वाड्या पालथ्या घातल्या! कुडपणच्या पठारावरून पोलादपूरच्या बाजारात, तिथून सावित्रीच्या काठाकाठाने थेट नाते गावापर्यंत. बायका पाणवठ्यावर गोळा होत, पुरुष विडी विझवून उभे राहत. येसूबाई झाकण काढी आणि सगळे आधी इंगळीकडे बघून मागे सरत. मग ती काडीने बारक्याकडे बोट दाखवी.

पुढच्या उन्हाळ्यात आंबेनळी घाटाच्या बाजूने एक डोली आली. डॉक्टर धावत ओसरीवर गेले. डोलीत तुळसा नावाची बाई होती. ती निजलेली नव्हती, टेकून बसली होती आणि डोलीवाल्यांना सावकाश चला म्हणून दटावत होती. "काय चावलं?" डॉक्टरांनी विचारलं. "बारका," ती म्हणाली. "येसूबाय म्हनाली व्हती, बारका चावला तर चुना लावत बसू नका, पळा." डॉक्टरांनी मधल्या दारातून हाक मारली, "अगं ए, बसून आलीय, बोलत आलीय." रंगूबाई पेजेचं भांडं घेऊन आल्या. इतक्या लवकर पेज लागेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

तशा डोल्या मग येतच राहिल्या. मंडळाने तो उपाय शिकवला नाही, सरकारी दवाखान्यांत अजून ब्रँडीच पाजतात, हे दुखणं आहेच. पण या डोंगरात माणसं वेळेवर पळतात. काठाला माझा एक टवका उडालाय, झाकण बदललंय, आणि येसूबाईची मान आता माझ्या वजनाने दुखते म्हणून कधी आवडी मला उचलते. म्हातारी मात्र बरोबर असतेच, बोलायला.

तेव्हा ओसरीवरच्या त्या दोघांना कोणीतरी सांगा, वशिल्याची गोष्ट करू नका. पदक का मिळालं नाही हे येसूबाई प्रत्येक वाडीत स्वतःच सांगते, कोणी विचारायच्या आत. परवा अशीच एक तरुण पोर, कडेवर तान्हं घेऊन, इंगळीकडे डोळे फाडून बघत होती आणि बारक्याकडे तिचं लक्षच नव्हतं. येसूबाईने तिची हनुवटी धरून तोंड वळवलं आणि म्हणाली:

"हिकडं बग गो. मोटा बगून मी फसले, तर डाक्तरचं पदक गेलं. तू फसलीस तर ह्ये पोर जाईल."